पिन-प्रेसला ऑटो फीडर बसवताना: बाउल, नळी, शटल आणि मधल्या भानगडी

पुण्याच्या आसपास, भोसरी, तळवडे किंवा नऱ्हे-धायरीच्या छोट्या गाळ्यांत एक काम सर्रास चालतं: लिव्हरच्या किंवा ब्रॅकेटच्या भोकात पिन दाबून बसवणं. ऑपरेटर ट्रेमधून पिन उचलतो, चाचपून सरळ करतो, भोकावर उभी धरतो, बोटं काढतो आणि पेडल मारतो. प्रत्यक्ष दाबायला सेकंदही लागत नाही. वेळ खाते ती पिन शोधणं आणि उभी करणं, आणि बोटं रॅमखाली (प्रेसच्या खाली येऊन दाबणाऱ्या भागाखाली) जातात तीही तेव्हाच. असा प्रेस चालवणाऱ्याच्या मनात कधी ना कधी पिना आपोआप पुरवणाऱ्या ऑटो फीडरचा विचार येतोच. मग बाउल, म्हणजे थरथरून पिना रांगेत लावणारं भांडं, विकत आणला जातो, महिनाभर खटपट होते, आणि शेवटी तो कोपऱ्यात धूळ खात पडतो. बहुतेक वेळा बाउल ठीकच असतो. घोळ असतो पिन बाउलमधून सुटल्यापासून रॅमखाली पोहोचेपर्यंतच्या रस्त्यात. म्हणून इथे त्या रस्त्यावर जास्त बोलू.

उदाहरण एकच धरू: ६ मिमी व्यासाची, २० मिमी लांब स्टीलची डॉवेल पिन, दोन्ही टोकांना सारखी चँफर (तिरकी कापलेली कड), वजन साधारण ४.४ ग्रॅम. प्रेस न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा), १०० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर. ६ बार हवेवर तो जवळपास ४,७०० न्यूटन जोर देतो. गरज मिनिटाला २० नगांची.

आधी पिन तपासा

माणसाचा हात नकळत बरीच तपासणी करत असतो. वाकडी पिन, बर (कडेला राहिलेली धातूची कूस) असलेली पिन, दुसऱ्या लॉटमधून आलेली २२ मिमीची पिन तो न बोलता बाजूला टाकतो. फीडरला हे काही कळत नाही. तो आहे ते पुढे ढकलतो आणि अडकतो.

लांबी ±०.१ मिमीत हवी. पिन रॅमखाली नेणाऱ्या शटलचं (सरकत्या प्लेटचं) गणित याच आकड्यावर उभं राहतं, त्यामुळे इथे हयगय चालत नाही. व्यास ६ एम६ (एम६ हा टॉलरन्सचा वर्ग) असेल तर पिन ६.००४ ते ६.०१२ मिमी असते, आणि एच७ वर्गाचं भोक ६.००० ते ६.०१२. दोन्ही आपापल्या मर्यादेत असूनही एखादी पिन सैल बसू शकते आणि एखादी १२ मायक्रॉन घट्ट. सैल पिन ऑपरेटरच्या हाताला कळायची. फीडर बसवल्यावर ती सरळ पॅकिंगपर्यंत जाते. दाबताना लागणारा जोर मोजायची सोय नसेल, तर भोकाची गो-नोगो तपासणी (गेजचं एक टोक आत जावं, दुसरं जाऊ नये) आधीपेक्षा वाढवावी लागते.

मग तेल. गंज लागू नये म्हणून पिना तेलात बुडवून येतात. तेलाच्या पातळ थरामुळे दोन पिना एकमेकींना आणि ट्रॅकला (बाउलच्या आतल्या चढत्या वाटेला) चिकटतात. धुऊन, वाळवून मगच बाउलमध्ये टाका. चुंबकत्वही तपासा. मॅग्नेटिक चकवरून (भाग चुंबकाने धरणाऱ्या पकडीवरून) आलेल्या किंवा चुंबकाने गोळा केलेल्या पिना गुच्छ करून फिरतात आणि वायपरखाली (ट्रॅकवर लावलेल्या, जादा पिना पाडणाऱ्या पट्टीखाली) अडकतात. अशा पिना डीमॅग्नेटायझरमधून काढाव्यात. फरशीवर सांडलेल्या पिना चुंबकाने उचलून थेट बाउलमध्ये टाकायची सवय पहिल्याच दिवशी मोडावी.

बाउल पिनेला वर कसा चढवतो

व्हायब्रेटरी बाउलमध्ये फिरणारं काहीच नसतं. खाली जड बेस, वर बाउल, आणि दोघांना जोडणाऱ्या तिरक्या पातळ पट्ट्या म्हणजे लीफ स्प्रिंग. मध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटची कॉइल. कॉइलने वरची प्लेट खाली ओढली की स्प्रिंग तिरक्या असल्याने बाउल खाली येता येता थोडा मागे वळतो. सोडली की वर उसळत पुढे वळतो. पिन दर वेळी पुढच्या दिशेला किंचित फेकली जाते आणि बाउल मागे जाईपर्यंत नव्या जागी टेकते. या उड्या इतक्या बारीक आणि भराभर असतात की पिन घसरत चढतेय असं वाटतं.

आपली वीज ५० हर्ट्झची. कॉइल प्रत्येक अर्ध्या फेरीला ओढते, म्हणून थेट एसीवर सेकंदाला १०० झटके बसतात. मध्ये डायोड किंवा एससीआर टाकून एक बाजू कापली की ५०. छोट्या, हलक्या भागांना १०० बरे; मोठ्या बाउलला आणि जड भागांना ५० झटके आणि मोठी उडी. बाउलचा व्यास भागाच्या लांबीच्या दहापट तरी असावा असा अंदाज वापरतात. २० मिमी पिनेला २०० ते २५० मिमीचा बाउल पुरतो.

वेग असा काढा. ट्रॅकवर पिन मिनिटाला ३ मीटर सरकते असं धरलं, तर नाकाला शेपूट लागलेल्या रांगेत मिनिटाला १५० पिना येतील. रांग अशी सलग कधीच नसते. एक तृतीयांश जागा भरली तरी ५० मिळतात, आणि आपल्याला हव्यात २०. वीस-तीस टक्के जास्त पुरवठा पुरेसा आहे, त्याहून वेग वाढवून फक्त आवाज आणि झीज वाढते.

बाउलमध्ये माल एक तृतीयांश ते अर्धा. त्याहून जास्त भरला की खालच्या पिना वजनाखाली दबतात आणि ट्यूनिंगही हलतं. २ किलो म्हणजे साडेचारशेच्या आसपास पिना, २० च्या वेगाने बावीस मिनिटं. दर वीस मिनिटांनी ओंजळभर ओतायला कोणी नसेल तर हॉपर (साठ्याचं वेगळं भांडं) लावा, पण बाउल काठोकाठ भरू नका.

ट्यूनिंग: नॉब पिळून भागत नाही

बाउल मंद चालला की पहिला हात कंट्रोलरच्या नॉबकडे जातो. नॉब शंभरावर, कॉइल गरम, पिना तरी रेंगाळतात. खरी गोष्ट स्प्रिंगमध्ये असते. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर एका बोटाने तो उंच जातो. लय सोडून दिला तर दोन्ही हातांनी ढकलूनही अडखळतो. बाउलची लय त्याचं वजन आणि स्प्रिंगचा ताठपणा मिळून ठरते, आणि ती विजेच्या झटक्यांच्या जवळ असावी लागते.

तपासायची पद्धत सोपी आहे. बाउलमध्ये नेहमीइतका माल ठेवा, नॉब कमी ठेवा, आणि एका स्प्रिंग-पॅकचा एक बोल्ट हळूच सैल करा. वेग वाढला तर स्प्रिंग जास्त ताठ आहेत. एक पट्टी काढा किंवा पातळ घाला. वेग कमी झाला तर ताठपणा कमी पडतोय, एक पट्टी वाढवा. पट्ट्यांमध्ये स्पेसर असलेच पाहिजेत, नाहीतर त्या एकमेकींवर घासून लालसर भुकटी काढतात. सेटिंग किंचित ताठ बाजूला ठेवा. माल पडून वजन वाढलं की लय खाली उतरते आणि झटक्यांच्या आणखी जवळ येते, त्यामुळे भरल्या बाउलचा वेग पडत नाही. सैल बाजूला ठेवलं तर उलटं होतं: माल ओतला की बाउल बसतो. वायपर किंवा पट्टी नव्याने वेल्ड केली तर वजन बदललं, म्हणजे ट्यूनिंग पुन्हा करायचं.

कॉइल आणि तिच्यासमोरची लोखंडी प्लेट यांतली फट फीलर गेजने मोजा, वीज बंद करून. लहान बाउलला ती मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या युनिटसोबतच्या कागदावर असतो आणि तोच पाळावा. फट कमी पडली तर प्लेट कॉइलवर आपटून कडकड आवाज येतो, हा लगेच कळणारा दोष. जास्त झाली तर कॉइल जादा करंट ओढते आणि गुपचूप जळते. दोन्ही तोंडं समांतर आहेत ना, हेही त्याच वेळी पाहा.

आपल्याकडचा एक खास घोळ. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत गुरुवारची सुट्टी. शांतता असते म्हणून ट्यूनिंग गुरुवारी उरकलं जातं, आणि शुक्रवारी शेजारची मशिनं चालू झाल्यावर व्होल्टेज बदलतं. साधा ट्रायॅकचा कंट्रोलर व्होल्टेजच्या मागे जातो, वेग बदलतो. डीजीवर (डिझेल जनरेटरवर) तर फ्रिक्वेन्सीच सरकते, आणि लयीच्या जवळ चालणाऱ्या बाउलला एखादा हर्ट्झही पुष्कळ झाला. स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा डिजिटल कंट्रोलर महाग पडतो, पण वीज जात-येत असेल तर पैसे इथेच घालावेत. तो नसेल तर निदान ट्यूनिंग चालू वारी करा.

नको त्या पिना परत पाठवणं

आपल्या पिनेसाठी तीन अडथळे पुरतात. ट्रॅकची रुंदी ४ ते ५ मिमी ठेवा. पहिल्या पिनेचा मध्य भिंतीपासून ३ मिमीवर असतो म्हणून ती टिकते, शेजारून येणारीचा ९ मिमीवर, म्हणून ती खाली पडते. ट्रॅकच्या वर ७.५ ते ८ मिमी उंचीवर वायपर लावा: दुसरीवर स्वार झालेली आणि उभी चालणारी अशा दोन्ही तिथे अडून खाली जातात. वायपर ट्रॅकला तिरका हवा, काटकोनात लावला तर पिन ढकलली जाण्याऐवजी अडकून बसते. तिसरं, बाहेर पडण्याच्या जरा आधी ट्रॅकची कड थोडी कापा. पुढे नळी भरली की मागून येणाऱ्या पिना तिथून बाउलमध्ये पडतात. ही जागा नसली तर अख्खी रांग पुढच्या पिनेवर दाब देते आणि तोंडाशी कमान धरून बसते.

एक टोक निमुळतं आणि दुसरं सपाट असेल तर काम अवघड होतं, आणि किती, ते आकड्यात पाहावं. याच पिनेचं शेवटचं ४ मिमी टोक ६ वरून ३ मिमीपर्यंत निमुळतं केलं तर गुरुत्वमध्य मधोमधपासून फक्त ०.८ मिमी सरकतो. एवढ्याशा फरकावर कडेवरून झुकवून दिशा ओळखायचे प्रयोग दिसतात. ते शंभरातले काही नग चुकवतातच. त्यापेक्षा बाउलनंतर एक थांबा द्या. पिन स्टॉपरला टेकेल, तिच्या टोकापासून १ मिमीवर आणि अक्षापासून २.४ मिमी बाजूला फायबर सेन्सरचा किरण जाईल. तिथे सपाट टोकाची त्रिज्या ३ मिमी, किरण अडतो. निमुळत्या टोकाची १.९ मिमीच्या आत, किरण पार जातो. उलटी पिन हवेच्या फुंकरीने परत बाउलमध्ये. निम्म्या परत जातील, म्हणून बाउलचा वेग दुप्पट धरावा.

याहून स्वस्त उपाय म्हणजे ग्राहकाच्या ड्रॉइंग विभागाला विचारणं: दुसऱ्या टोकालाही तशीच चँफर दिली तर चालेल का? पुष्कळदा चालते. विचारत मात्र कोणी नाही.

नळी

बाउलपासून प्रेसपर्यंत पीयू (पॉलियुरेथेन) नळी. ६ मिमी पिनेला ६.५ मिमी आतला व्यास पुरेल असं वाटतं, आणि सरळ नळीत पुरतोही. वळणात पिन ताठ राहते, नळी वाकते. लागणारी जादा जागा म्हणजे पिनेच्या लांबीचा वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. २० मिमी पिन, १०० मिमी त्रिज्येचं वळण: ४०० भागिले ८००, म्हणजे ०.५ मिमी. ६.५ ची नळी इथेच संपली, धुळीला जागा नाही. म्हणून ८ मिमी आतली, १२ मिमी बाहेरची नळी घ्या आणि कुठलंही वळण १०० मिमीपेक्षा लहान ठेवू नका. याहून मोठी नळीही नको. ९-१० मिमीत दोन पिनांची टोकं शेजारी-शेजारी घुसून पाचर बसते. नळी पारदर्शक घ्या, अडकलेली जागा दिसली पाहिजे. शेवटचा १०० मिमी भाग सरळ आणि उभा.

शटल: शेवटचे वीस मिलिमीटर

नळीच्या खाली आडवी सरकणारी प्लेट, तिच्यात पिनेएवढं भोक. प्लेट मागे असताना एक पिन त्यात पडते, पुढे सरकली की ती पिन रॅमखाली जाते आणि नळीतली पुढची पिन प्लेटच्या पाठीवर टेकून थांबते. कल्पना इतकी सोपी आहे की जाडीकडे दुर्लक्ष होतं.

प्लेट पिनेपेक्षा जाड, समजा २०.५ मिमी, केली तर वरची पिन अर्धा मिलिमीटर भोकात उतरते आणि सरकताना कातरीसारखी धरली जाते. बरोबर २० केली तर लहान पिन आली की तेच. म्हणून प्लेट सर्वांत लहान पिनेपेक्षाही थोडी पातळ: १९.८ मिमी. १९.९ ते २०.१ मिमीच्या पिना ०.१ ते ०.३ मिमी वर डोकावतील. नळीच्या तोंडाची खालची बाजू प्लेटपासून ०.५ मिमी वर ठेवा, म्हणजे डोकावणारी पिन खालून निघून जाते आणि वरची घसरून प्लेटवर बसते. २०.६ ची पिन आली तर अडकणार, आणि अडकलेलीच बरी.

भोक ६.३ मिमी, तोंडाला छोटी चँफर. पंच (रॅमला लावलेला, पिन दाबणारा दांडा) ५.८ मिमी. पिन भोकात ०.१५ मिमी इकडेतिकडे होऊ शकते, त्यात फिक्स्चरची चूक मिळते, म्हणून कामाच्या (ज्या भागात पिन बसवायची त्याच्या) भोकाला ०.५ मिमीची चँफर हवीच. हाताने बसवताना बोटं पिनेला वाट दाखवत होती, आता ते काम चँफरचं. शटलच्या खालच्या बाजूपासून कामापर्यंत ३ मिमीहून जास्त अंतर नको. पिन तेवढी खाली उतरून भोकावर टेकते आणि उरलेली प्लेटमध्ये सरळ उभी राहते.

शटलला १६ मिमी बोअरचा सिलिंडर पुरे, ६ बारवर तो १२० न्यूटन देतो. मोठा लावला तर अडकलेल्या पिनेवर न थांबता तो प्लेटचं भोक ओरबाडतो, आणि त्यानंतर प्रत्येक पिन अडकते. फ्लो कंट्रोल बाहेर जाणाऱ्या हवेवर बसवून वेग कमी ठेवा. शटल जोरात आपटलं की पिन भोकातून उसळते.

सेन्सर आणि क्रम

नळीवर दोन सेन्सर लागतात. वरचा साधारण दहा-बारा पिनांच्या उंचीवर, म्हणजे शटलपासून २२० मिमीच्या आसपास. तो दोन सेकंद सतत अडला तरच बाउल बंद. नुसती पडत जाणारी पिनही त्याला दिसते, म्हणून हा उशीर लागतो. खालचा सेन्सर तीन पिनांच्या उंचीवर. तो रिकामा झाला की प्रेस थांबतो. बाउल सारखा चालू ठेवायची चूक करू नका, पिना एकमेकींवर घासून काळी भुकटी तयार होते आणि ती नळीत साठते.

पिन शटलमध्ये खरंच आहे का, हे पाहणारा सेन्सर सर्वांत महत्त्वाचा. शटल स्टीलचं असेल तर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी (धातू जवळ आला की ओळखणारा सेन्सर) इथे चालत नाही, तो शटललाच पिन समजतो. शटलमध्ये २ मिमीचं आडवं भोक पाडून त्यातून फायबरचा किरण आरपार न्या. इतरत्र इंडक्टिव्ह लावताना लक्षात ठेवा की कॅटलॉगातलं अंतर साध्या स्टीलसाठी असतं. पितळेला किंवा ॲल्युमिनियमला ते ४० टक्क्यांच्या आसपास उरतं. पितळी बुशसाठी २ मिमीचा सेन्सर म्हणजे जेमतेम ०.८ मिमी.

पीएलसीतला (मशिनचा क्रम चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) क्रम असा: काम फिक्स्चरमध्ये आहे, शटल पुढे पोहोचलं, पिन दिसली, दोन्ही हातांची बटणं एकाच वेळी दाबली, हे सगळं जुळलं तरच रॅम खाली. रॅम वर पोहोचल्याचा रीड स्विच लागेपर्यंत शटल मागे जायचं नाही. ही एक अट विसरली की पंच शटलच्या भोकात असताना शटल हलतं, आणि पंच वाकतो. टायमरवर विसंबू नका. हवेचा दाब पडला की टायमर खोटा ठरतो.

पेडल काढून टाका. फीडर आला म्हणजे बोटं आत जायचं कारण संपलं असं वाटतं, पण अडकलेली पिन काढायला ती जातातच, आणि तीही घाईत. समोर पॉलिकार्बोनेटचं गार्ड, उघडलं की हवा कापणारा इंटरलॉक स्विच, आणि कुठेही ६ मिमीपेक्षा मोठी फट नको; रॅम त्या फटीपासून आत निदान १० मिमी असावा. नुसती वीज बंद करून भागत नाही, सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा रॅम हलवू शकते. म्हणून हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हवा, आणि हात घालण्याआधी रॅमखाली ठोकळा.

बसवायची जागा आणि पुढची देखभाल

बाउल प्रेसच्या फ्रेमवर बसवू नका. प्रेसचा दणका बाउलला आणि बाउलची थरथर सेन्सरला लागते. वेगळं टेबल, वर २० ते २५ मिमी जाड प्लेट, पाय जमिनीला आवळलेले. पातळ चौकोनी पाइपचं टेबल स्वतःच थरथरतं आणि बाउलची निम्मी ताकद खातं. बाउलचं तोंड नळीच्या नरसाळ्याला टेकता कामा नये. एक मिलिमीटरची फट ठेवा आणि नरसाळं किंचित खाली.

पावसाळ्यात हवेच्या लाइनमध्ये पाणी वाढतं. एफआरएलचं (हवेच्या लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचं) पाणी साठणारं भांडं रोज सकाळी रिकामं करा, नाहीतर फुंकरीतून पाणी थेट पिनांवर. बुधवारी संध्याकाळी बाउलमध्ये उरलेल्या पिना शुक्रवारी गंजाचे ठिपके घेऊन मिळतात आणि ट्रॅकवर रेंगाळतात, तेव्हा सुट्टीआधी बाउल रिकामा.

काही महिन्यांनी वेग हळूहळू कमी होत गेला आणि नॉब थोडा थोडा वर चढत गेला, तर कंट्रोलर बदलायच्या आधी स्प्रिंग बघा. पट्टी क्लॅम्पच्या कडेपाशी तडकते आणि तडा बोल्टखाली लपलेला असतो. एक तुटली तर त्या पॅकमधल्या सगळ्या बदला आणि बोल्ट टॉर्क रेंचने सारखे आवळा. सुटे ठेवायचे ते एवढेच: स्प्रिंगचा एक सेट, शटल प्लेट एक, पंच दोन, फायबरची एक जोडी आणि मीटरभर नळी. बाउल आणि कॉइल सहसा दगा देत नाहीत; प्रेस उभा राहतो तो शटल प्लेटच्या झिजलेल्या भोकामुळे. ते ६.५ मिमीच्या वर गेलेलं दिसलं की प्लेट उतरवा.